शेपटीखालचं आलं

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत नवे संचालक आले ते साबणाच्या जाहिराती करून. आल्या आल्या म्हणाले, "कोश फार मरगळलाय. जिंजर अप करा." नेमकं तेच इंग्रजी क्रियापद तेव्हा माझ्या टेबलावर होतं. अर्थ सोपा: सुस्त गोष्टीत तरतरी आणणे. उगम मात्र मी रात्री घरी लेकीला मांडीवर थोपटत वाचला आणि हसू दाबता दाबता तिची झोप मोडली.

मला चारला निघायची मुभा होती. तोवर लेक सासूबाईंकडे. चारनंतर त्यांच्याकडे शिवण शिकायला बायका येतात. संचालकांनी बजावलं, "शाळांसाठी खरेदी करणाऱ्या बाई उद्या येतायत. कोश खपला तर मुभा चालू. नाही खपला तर तुम्हीही सहापर्यंत."

सकाळी पाहते तर वर्षानुवर्षं हात न लागलेल्या खंडांवर लालभडक वेष्टनं. आमच्यातले सर्वांत जुने संपादक, आम्ही त्यांना आजोबा म्हणतो, त्यांच्या गळ्यात पिवळा टाय.

"आजोबा, बाईंसमोर जरा भरभर चाला."

"भरभर चालेन. भरभर पडेनही."

बाई आल्या. लाल रांग बघून खूश झाल्या. संचालक फुलले. "सगळंच जिंजर अप केलंय आम्ही."

"हा शब्द आला कुठून हो?"

"चहात आलं घातलं की कशी जान येते, तसं."

आमच्याकडे रीत अशी, की शब्द ज्याच्या टेबलावर, उत्तर त्याचं. आजोबांनी टाय सैल करत माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या शब्दाची आई ही."

संचालक डोळ्यांनी चहा, चहा म्हणत होते. मलाही तो चहा गोड लागला असता. सासूबाईंच्या कडेवरून दाराकडे बघणारी लेक डोळ्यांपुढे दिसत होती. पण कोशाच्या कचेरीत बसून खोटा अर्थ सांगायला जीभ वळेना.

"घोडेविक्ये थकलेला घोडा बाजारात आणायचे," मी म्हणाले. "गिऱ्हाईक दिसलं की त्याच्या शेपटीखाली आल्याचा तुकडा सरकवायचे. आग व्हायची. बिचारा शेपूट वर करून नाचायचा."

"असर किती वेळ टिकायचा?" बाईंनी विचारलं.

"सौदा होईपर्यंत."

बाईंनी एका खंडाचं वेष्टन उतरवलं. आत पिवळी पानं. मोबाइल हा शब्दच नव्हता. मग त्यांनी आजोबांच्या टायकडे पाहिलं, आणि आजोबांनी मान खाली घातली.

"हा नको," बाई म्हणाल्या. "खरोखर सुधारून आणा, मग घेईन."

त्या गेल्यावर संचालक खुर्चीत बसले. "सुधारायला किती वर्षं लागतील?"

"हिला चारला सोडलंत तर कमी," आजोबा म्हणाले. "ही घरून ताजी होऊन येते. सहापर्यंत बसणारे आम्ही, पाचपासून जांभया देतो."

चार वाजत आले होते. मी पिशवी उचलली, तेव्हा संचालकांनी पाय आखडून मला वाट दिली.