देवमनभाऊंचा दहा-अकराचा पाना

मित्रांनो, मी दहा-अकराचा एक जुना पाना आहे. माझं एक तोंड दहा नंबरच्या नटासाठी, दुसरं अकरा नंबरच्या. दोन-दोन तोंडं असूनही आजवर मी एक शब्द बोललो नव्हतो. आज बोलतो, कारण सध्या मला दुसरं काही काम नाही.

पंजाबातल्या एका कारखान्यात लालभडक लोखंडावर घण पडले आणि मी जन्माला आलो. तिथून अमरावतीच्या इतवारा बाजारात, एका दुकानातल्या खिळ्यावर येऊन लटकलो. एक दिवस हातांना झेंडूचा वास असलेला माणूस आला. त्यानं सगळे पाने तळहातावर तोलून पाहिले आणि मला खिशात टाकलं. हेच माझे मालक, देवमनभाऊ. तिवशाजवळ त्यांचा फुलांचा मळा आहे.

फुलं बाजारात न्यायला त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. ती खोकायची, रुसायची, वाटेत थांबायची. पण मनानं साधी होती. बोनेट उघडलं की तिचं सगळं पोट समोर दिसायचं. जे ढिलं झालं ते मी आवळायचो, जिथं कचरा बसला तिथं देवमनभाऊ फुंकर मारायचे. दर रविवारी लिंबाखाली सतरंजी टाकून ते गाडीखाली शिरत. बाहेर फक्त पाय राहत. त्यांची बायको सीमाताई त्या पायांशीच बोलत.

"चहा तुमाले देऊ जी, का पायाले पाजू?"

मुलगी प्रणाली तेव्हा अमरावतीला कॉलेजात होती. कधीमधी ती गाडी घेऊन जाई. वाटेत गाडी बंद पडली की तिचा फोन यायचा. "बाबा, थांबली." एवढंच. मग देवमनभाऊ मला खिशात घालून मिळेल त्या एसटीनं निघत. आम्ही पोचायचो तेव्हा मैत्रिणी घाबरून उभ्या आणि प्रणाली रस्त्याच्या कडेला आरामात शेंगा खात बसलेली. "बाबा येऊन राह्यले ना, मंग कायचं भेव?" असं ती त्यांना म्हणे. मित्रांनो, माझ्यावर कुणी चांदीचा मुलामा चढवला असता तरी मला इतकं बरं वाटलं नसतं.

दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमची हत्यारांची पूजा होई. मी, पकड, पेचकस, हातोडी, सगळे पाटावर. हळद, कुंकू, घरचाच झेंडू. त्याआधी गाडीला आंघोळ. पोळ्याला बैलाला घालतात तशीच. देवमनभाऊ इंजिनातल्या नाजूक जागा प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधत आणि विहिरीच्या मोटरीचा पाइप थेट इंजिनावर सोडत. ऊन खाऊन, रॉकेलचा बोळा फिरवून घेतला की म्हातारी नवरीसारखी दिसे.

शेवटी ती खरंच म्हातारी झाली आणि भंगारात गेली. प्रणालीला अकोल्याला नोकरी लागली. तिनं स्वतःची नवी कोरी गाडी घेतली आणि पहिल्या दसऱ्याला ती घरी घेऊन आली.

देवमनभाऊंनी कौतुकानं बोनेट उघडलं. आत सगळीकडे काळी झाकणं.

"हे तं टिफिन लावून देल्ला वं माय," ते म्हणाले. "भाजी कुठं हाय?"

मी खिशातून डोकावत होतो. माझ्या मापाचं एकच नट दिसलं, बॅटरीचं. परमुलखात गाववाला भेटावा तसं मला झालं.

"बाबा, याच्यात आपल्याले काई करा लागत नाही," प्रणाली म्हणाली.

"करा नाही लागत, पण आंघोळ तं घाला लागीन."

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी पहाटेपासून तयारी केली. बॅटरी झाकली. ओळखीची वाटली ती प्रत्येक जागा पिशवीनं बांधली. मग मोटर सुरू केली. सीमाताई ओट्यावरून म्हणाल्या, "इंजिनाले आंघोळ, अन् स्वतः अजून पारोसे." देवमनभाऊ हसले. पाण्याचा झोत एका अनोळखी डबीवर बसत होता. ती कशाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

संध्याकाळी गाडी सुरू होईना. देवमनभाऊंनी माझ्याकडून बॅटरीचं नट सोडवलं, पुसलं, आवळलं. आम्हाला येत होतं तेवढं आम्ही केलं. दसऱ्याच्या दिवशी गाडी अंगणातच उभी राहिली, गळ्यात झेंडूचा हार घालून. त्यानंतर तिला दुसऱ्या गाडीला बांधून अमरावतीच्या वर्कशॉपमध्ये नेलं.

तिथल्या मुलानं एक वायर जोडली आणि हातातल्या उजेडाच्या काचेच्या पाटीवर पाहिलं. "काका, इंजिनवर पाणी कोणं मारलं?"

"म्या."

"हे कंट्रोलचं युनिट गेलं. नवीन टाका लागते."

"उघडून तं पाहा, बापू. वाळवून घेऊ."

"उघडतच नाही ते. सीलबंद येते. रिपेअर नाही, बदलाच लागते."

त्यानं किंमत सांगितली. देवमनभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. त्या दसऱ्याचा सगळा झेंडू त्या तळहाताएवढ्या डबीत गेला. परतताना प्रणाली म्हणाली, "बाबा, मनाले लावून घेऊ नका."

"नाही वं," ते म्हणाले. "मले वाटलं, पयला दसरा हाय तिचा."

हिवाळ्यात एकदा प्रणाली आईशी फोनच्या स्पीकरवर बोलत होती. बोलता बोलता कळलं की मूर्तिजापूरजवळ तिची गाडी बंद पडली होती. कंपनीची माणसं येऊन घेऊन गेली.

"मले नाही सांगतलं?" देवमनभाऊंनी विचारलं.

"तुमाले कायले तरास, बाबा?"

"बरं केलं," ते म्हणाले. त्यांचा हात खिशात होता, माझ्याभोवती घट्ट. तो हळूहळू सैल झाला.

जुनी गाडी गेल्यावरही रविवारी विहिरीची मोटर नाही तर फवारणीचा पंप लिंबाखाली उघडला जाई. त्यानंतर मात्र तिथं सतरंजी पडली नाही. गुढीपाडव्याला प्रणाली आली, तेव्हा तिला हे दिसलं. दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर ती गुपचूप माझ्याजवळ आली. सीमाताईंच्या शिलाई मशीनच्या पायडलचा बोल्ट तिनं माझ्याकडून ढिला करवला. आधी उलटाच फिरवला. मी घसरलो आणि बोल्टचा एक कोपरा खरवडला गेला. मग तिनं मला जागेवर ठेवलं आणि हाक मारली. "बाबा, मायची मशीन खडखड करून राह्यली. पाहा बरं."

देवमनभाऊ लगबगीनं उठले. सतरंजी अंथरली. चष्मा लावून वाकले आणि तसेच थबकले. बोल्टवर जुना गंज होता, पण खरवडलेला कोपरा लख्ख चमकत होता. त्यांनी मान वळवून पाहिलं. प्रणालीच्या बोटाला काळं तेल लागलेलं होतं.

"सापडलं काय जी?" सीमाताईंनी विचारलं.

"सापडलं. लय दिवसाचं ढिलं होतं." त्यांनी सावकाश, अगदी सावकाश तो आवळला. "झालं, पोरी."

"पाहा," प्रणाली म्हणाली. "तुमच्याबिगर काई होते काय?"

ते हसले. मला पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि दिवाळीच्या पणत्यांमागे, वरच्या फळीवर ठेवून दिलं. आता खंडेनवमीला तेवढा मी पाटावर येतो. कुंकू लागतं, फूल मिळतं आणि मी परत फळीवर जातो.

मित्रांनो, प्रणालीला दोष देऊ नका. तिनं मायेनंच केलं. पण माणसाच्या हाताला खरं काम आणि दिलेलं काम यातला फरक कळतो. मला गंज चढला तर तेलाचा एक थेंब पुरतो, माणसाचं तसं नसतं. तुमच्या घरची नवी गाडी तुमच्या बाबांना दुरुस्त करता येणार नाही. माझ्यानंही होणार नाही. गाडीवाल्यांना खुशाल बोलवा. पण ते येईपर्यंत रस्त्याच्या कडेला शेंगा खात बसाल, तेव्हा घरी एक फोन करा. फार बोलू नका. "बाबा, थांबली," एवढंच सांगा.