पदराखालचा सौदा

"उघड्यावर भाव करू नको, पोरी. चारचौघांत माणूस पैशापायी नाई, मानापायी अडून बसते."

वडिलांचा हा आवाज झुंबरबाईला अजून ऐकू येई. गुलाबराव नांदुऱ्याच्या बैलबाजारातले दलाल. हातावर रुमाल टाकायचे, त्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरायचे आणि बोटांनीच भाव करायचे. वर चेहरे सारवल्या भिंतीसारखे कोरे. लहानगी झुंबर त्यांच्या गुडघ्याला टेकून बघत राही. सौदा जमला की रुमाल झटकला जाई. त्यानंतर जो फिरला, त्याचा हात पुढल्या बाजारी कोणी धरत नसे.

आता ती त्याच गावात सासरी नांदत होती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. थोरली शेवंता चार वर्षांची. दिवे लागले की पेटायची. झोप म्हटलं की तिला तहान, पाणी दिलं की शू, मग वासराला बघून यायचं, मग रडं. त्या रडण्यानं पाळण्यातला धाकटाही उठायचा. सासू तानाबाईंचा उपाय चुलीमागच्या डबीत होता: मोहरीएवढी अफूची गोळी, दुधात उगाळून.

"आमची सारी लेकरं याच्यावरच वाढली," त्या म्हणायच्या.

झुंबरनं ती गोळी बंद केली. का, ते सांगितलं नाही. तिचा धाकटा भाऊ पाळण्यातच तापानं गेला, एवढंच सासरी ठाऊक होतं.

गोळीऐवजी ती शेवंताला कुशीत घेई, पदर टाकी आणि पदराखाली हात पुढे करी. शेवंता पाचही बोटं धरी, म्हणजे पाच गाणी. झुंबर एकच बोट देई. मग ओढाताण, चिमटे, खुदखुदणं. शेवटचं एक बोट झुंबर मुद्दाम सोडून देई. समोरच्याले जिंकून घरी जाऊ द्यावं, हेही बाबांचंच. पदर झटकला की सौदा पक्का. ठरलेली गाणी संपली की शेवंता आपणहून डोळे मिटायची.

"काय वं झुंबरे, लेकराचाही बाजार मांडून राह्यली?" तानाबाई हसायच्या.

"हाव, आत्याबाई. बाजारात समोरच्याचा मान तरी ठेवतात."

पण काल घात झाला. एक गाणं उरलं असताना नवरा उत्तमरावनं जेवायला वाढ म्हणून हाक मारली आणि झुंबर सवयीनं उठून गेली.

आज पदर टाकताच शेवंतानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "तू फिरली. मी नाई धरत तुहा हात."

तिनं भोकाड पसरलं. पाळणाही रडू लागला. चुलीपाशी वाटीत चमचा वाजला. तानाबाई गोळी उगाळत होत्या. आज लेक झोपली नाही तर डबी घरात परत रुजणार, हे झुंबरला कळलं.

"हाव, फिरली मी," ती लेकीला म्हणाली. "कालचं गाणं आधी देते. त्याचा भाव नाई करत."

*निजला जोंधळा, निजली त्याची पात*
*शेवंताच्या हातामंधी तिच्या मायचा गं हात*

रडणं हुंदक्यावर आलं. पदराखाली एक ओलसर बोट चाचपत आलं.

तेवढ्यात ओसरीवरून उत्तमरावची हाक. "ताट वाढ."

"भाकर टोपल्यात हाये, वरण चुलीवर. वाढून घ्या."

"काय म्हणली?"

"सौदा चालू हाये. आज मी उठत नाई."

दारात तानाबाई वाटी घेऊन उभ्या राहिल्या. "पुरे झालं कवतिक. सरक. घोटभर पाजते, सारं घर झोपते."

झुंबरनं मोकळ्या हातानं वाटी घेतली आणि जमिनीवर उपडी केली. सारवलेली जमीन दूध पिऊन गेली. पदराखालचा हात तिनं हलू दिला नाही.

"लय शहाणी झाली," तानाबाईंनी पालथी वाटी उचलली. "तुह्या मायनं तुलेही हेच पाजलं असन. मेली का तू?"

"मी नाई मेली." झुंबरनं मान वर केली. "माहा भाऊ मेला. ताप नव्हता आला त्याले, आत्याबाई. मायनं गोळी देली होती. काकीले ठाऊक नव्हतं, तिनंही देली. झोपला तो. तसं झोपलेलं घर मले नाई पाहिजे."