जालन्याची जेनी

रजनीताईंचं वधू-वर सूचक केंद्र जुन्या जालन्यात, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. टायपिंग शिकवण्याची नोकरी संपल्यावर त्यांनी ते काढलं आणि २००६ सालच्या फेब्रुवारीत त्यासाठी कॉम्प्युटरही घेतला. मार्चमध्ये त्यांना इंटरनेटवर पत्रिका जुळवणारा एक पोपट फुकट मिळाला. पडद्याच्या कोपऱ्यात बसून तो छत्तीस गुण मोजायचा आणि मान हलवायचा. रजनीताई खूश होत्या.

पण पोपट आल्यापासून कॉम्प्युटरचं डोकं फिरलं. ब्राउझर उघडला की वरच्या अंगाला पट्ट्यांवर पट्ट्या दिसायच्या. एकीवर नाचणारी मांजर, एकीवर हवामान, तेही ब्राझीलचं. मूळ पान खाली चार बोटं उरायचं. रोज सकाळी "अभिनंदन, तुम्ही आमचे दहा लाखावे पाहुणे आहात" अशी पाटी यायची. पहिल्या दिवशी रजनीताईंनी साखर वाटली होती. आठव्या दिवशी त्यांना शंका आली.

अशातच एका मंगळवारी घनसावंगीकडचे रामराव आले. संगं बायको द्वारकाबाई आणि मुलगा सर्जेराव. सर्जेराव सत्तावीस वर्षांचा, ऊस आणि कापूस सांभाळणारा, अंगानं दांडगा आणि बोलायला महाकंजूष. तो दाराजवळच्या बाकावर बसला आणि पंख्याकडे बघत राहिला.

"बाई, चांगलं स्थळ दाखवा," रामराव म्हणाले. "पोरगी जवळपासची पाहिजे. लई लांबचं न्हाई."

रजनीताईंनी ब्राउझर उघडला. खण्णकन आवाज झाला आणि पडदाभर एका हसऱ्या, सोनेरी केसांच्या बाईचा फोटो आला. खाली इंग्रजीत मजकूर.

"ही कोण?" रामराव पुढं सरकले. "काय लिवलंय?"

रजनीताई खोटं बोलत नसत. त्यांनी वाचून दाखवलं, "जेनी. वय चोवीस. जालना. तुमची वाट पाहते आहे."

"जालना!" रामरावांनी मांडीवर थाप मारली. "हे तं बराबर जवळचं झालं."

"अहो, ही जाहिरात आहे. जो बघतो त्याच्याच गावाचं नाव टाकतात. ही बाई जालन्याची नाही."

"लिवलंय ना जालना?"

"लिहिलंय, पण..."

द्वारकाबाईंनी चष्मा लावून फोटो निरखला. "नाकीडोळी बरी हाये. पण केस कशानं असे झाले?" मग त्यांचं त्यांनाच कळलं. "बोअरच्या पाण्यानं. जालन्यात पाणीच तसलं. आपल्याकडं आली की होतील काळे."

"आडनाव काय हो बाई?" रामरावांनी विचारलं.

"आडनाव नाही दिलेलं."

"मामाकूळ?"

रजनीताईंनी ती पाटी बंद केली. दोन उघडल्या. एका पाटीत पुन्हा जेनी, आता टोपी घालून.

"बघा, दोन-दोनदा येऊन राह्यली," रामराव हळव्या आवाजात म्हणाले. "गरजू घर दिसतंय."

ब्राउझर दुसराही होता, कोल्ह्याच्या चित्राचा. रजनीताईंनी तो उघडून पाहिला. त्यातही जेनी. मग त्यांनी कॉम्प्युटरकडे पाठ फिरवली आणि कपाटातून बायोडाटांची जाड फाइल काढून द्वारकाबाईंपुढे ठेवली. द्वारकाबाई फोटो बघत पानं उलटू लागल्या आणि एका पानावर थांबल्या. शिवकन्या, राहणार मंठा, बी.ए., कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते.

"हिला कॉम्प्युटर येतो का खरंच? का लिवायचं म्हणून लिवलं?"

"ते मी कसं सांगू?"

"मंग लावा फोन," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय ना? करती का नीट, बघू. आमचं नाव काढू नका."

रजनीताईंना हे फारसं पटलं नाही, पण जेनीनं त्यांना पार टेकीला आणलं होतं. त्यांनी मंठ्याला फोन लावला आणि फोनचं स्पीकरचं बटण दाबलं. शिवकन्येनं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, हे कधीपासून सुरू झालं?"

"आठ-दहा दिवस झाले."

"सी ड्राइव्हमधलं प्रोग्रामांचं फोल्डर उघडा. तारखेप्रमाणं लावा. आठ-दहा दिवसांखालचं काय दिसतं?"

रजनीताईंनी बघितलं. चौदा तारखेला पोपट आला होता. आणि त्याच मिनिटाला आणखी तिघं: मांजरीची पट्टी, हवामानाची पट्टी आणि कसलंसं 'जिवलग' नावाचं.

"पोपटानं आणलं सगळ्यांना," शिवकन्या म्हणाली. "टाकताना काही विचारलं असंल त्यानं."

"विचारलं होतं. मी होय होय म्हणत गेले."

रामरावांनी मान हलवली. चौकशी कशी करावी हे त्यांना माहीत होतं, आणि ही पोरगी ती बराबर करत होती. कधी आली, कोणाबरोबर आली.

मग कंट्रोल पॅनेल उघडून काढाकाढी सुरू झाली. मांजर गेली. ब्राझील गेलं. 'जिवलग' दोनदा आडवं आलं, पण तेही गेलं. पोपटाची पाळी आली तेव्हा तो पडद्याच्या मधोमध आला आणि रडू लागला. खाली भलंमोठं हिरवं बटण: नको, राहू दे. शेजारी मुंगीएवढं करडं बटण: काढा.

"अगं माय, रडून राह्यलं ते!" द्वारकाबाईंचा जीव कळवळला.

"पोपट राहू द्या," रामराव पुटपुटले. "बाकीचे काढले ना."

"पोपट ठेवला तर सगळे परत येतील," फोनमधून आवाज आला. "करडं बटण दाबा."

रजनीताईंनी डोळे मिटून दाबलं. पोपट गेला. दोन्ही ब्राउझरमधून उरलेल्या पट्ट्या बंद केल्या. आता द्वारकाबाईंना राहवलं नाही.

"पोरी, पुरणाच्या पोळ्या येतात का गं?"

"बाई, कोण हाये तिथं? मला पाहून राह्यले का?"

"न्हाई न्हाई," रामराव घाईनं म्हणाले, "ऐकून राह्यलो."

रजनीताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माफी मागितली आणि सगळं खरं सांगून टाकलं. शिवकन्येनं ऐकलं.

"मुलगा आहे का तिथं?"

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. सर्जेराव उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नाही.

"एकच काम राह्यलंय, ब्राउझर उघडल्याबरोबर येतं ते पहिलं पान बदलायचं. ते त्यांनी करायचं. बाई, तुम्ही हात लावायचा न्हाई."

सर्जेरावानं माउस धरला. त्याच्या पंज्यात तो दिसेनासा झाला. तिनं सांगितलं तसं तो करत गेला, घाम पुसत. शेवटी एक पाटी आली.

"आता होय दाबून टाक," रामराव म्हणाले. "जल्दी."

"थांबा," सर्जेराव म्हणाला. त्या दिवशीचा त्याचा हा पहिला शब्द. "काय लिवलंय ते तं वाचू द्या." आणि इंग्रजीचं एकेक अक्षर तो मोठ्यानं उच्चारू लागला. ए. आर. ई. एवढ्याशा मजकुराला त्यानं चांगली पाच मिनिटं घेतली. फोनवरून कोणी घाई केली नाही. अर्थ रजनीताईंना विचारून घेतला, मगच त्यानं बटण दाबलं. कोरंकरकरीत पान उघडलं.

"झालं," तो म्हणाला.

"पोळ्या येतात," शिवकन्या म्हणाली. "जरा जाड होतात. बाई, ह्यांना रविवारी मंठ्याला पाठवा."

रविवारी वाटेत जीप पंक्चर झाली आणि मंडळी दोन तास उशिरा पोचली. शिवकन्येचा क्लास सुरू झाला होता. रामराव-द्वारकाबाईंना तिच्या वडिलांनी घरी नेलं. सर्जेरावाला मात्र तिनं खुणेनं शेवटच्या कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि पोरींना शिकवत राहिली. क्लास सुटल्यावर ती त्याच्या मागं येऊन उभी राहिली. पडद्यावर त्यानं स्वतःचं नाव इंग्रजीत टाइप केलं होतं, त्यात एक अक्षर कमी होतं.

"आर राह्यला," ती म्हणाली.

त्यानं कीबोर्डवर आर हुडकायला सुरुवात केली. तिनं बोट दाखवलं नाही, शेजारची खुर्ची ओढून बसली.