मोकळा घसा

चष्मेवाल्या म्हाताऱ्याची त्याच्याच दुकानातून मागच्या खोलीत रवानगी झाली, ती घशापायी. चाळीस वर्षं त्याने त्या काउंटरवर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले होते. पण वर्षभर घशात काहीतरी चिकटून बसलं होतं. गिळून खाली जाईना, खाकरून वर येईना. गिऱ्हाईक आरशात फ्रेम न्याहाळू लागलं की मागून याचं सुरू. एक बाई तर नाकाला रुमाल लावून तडक बाहेर पडल्या.

"बाबा, तुम्ही आत बसून फ्रेमच्या मापाच्या काचा घासा," मुलगा म्हणाला. "लोक चष्मा घ्यायला येतात, तुमचा कफ ऐकायला नाही."

सुनेने त्याचा पेला वेगळा ठेवला.

वाफ झाली, मध झाला, गुळण्या झाल्या. शेवटी तो एकटाच घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून आत पाहिलं.

"गाठबिठ काही नाही. पोटातलं आम्ल वर येतंय. रात्री जेवता कधी?"

"सगळ्यांचं उरकलं की. मग लगेच आडवा होतो."

"तिथंच घोडं पेंड खातंय! जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उचला. चहा कमी करा. आणि खाकरू नका."

"मग कफ निघायचा कसा?"

"खाकरून घसा सुजतो, सुजला की आणखी कफ धरतो. उबळ आली की पाण्याचा घोट घ्या. गोळ्या देते, पण दोन-तीन महिने धीर धरा."

म्हाताऱ्याने मनावर घेतलं. संध्याकाळीच ताट मागितलं तेव्हा सून म्हणाली, "आता यांच्यासाठी वेगळी चूल मांडा!" मग तो दुपारचं उरलेलं स्वतःच वाढून घेऊ लागला. पलंगाखाली विटा सारल्या. उबळ दाबताना डोळ्यांत पाणी यायचं, तरी तो घोटच घ्यायचा. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी घसा मोकळा झाला. स्वच्छ सदरा घालून तो मुलाला सांगायला पुढे निघाला.

एरवी त्याच्या आधी त्याचं खाकरणं पोचायचं आणि मंडळी बोलणं बदलायची. आज तो पडद्यापर्यंत आला तरी कुणाला चाहूल नव्हती.

"बरे झाले तर पुन्हा काउंटरवर बसतो म्हणतील," सून म्हणत होती.

"बसू देतोय कोण? घसा नुसतं निमित्त होतं गं. खरं दुखणं हातांचं आहे. सहा महिने त्यांची प्रत्येक काच मी बाहेरून पुन्हा करून घेतोय. त्यांनी घासलेल्या सरळ कचऱ्यात."

"मग सांगून का टाकत नाही?"

"घासत बसले की गप्प असतात. पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तसं."

म्हातारा पडदा सारून पुढे आला. सून चपापली. मुलगा मात्र चपापला नाही.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"बरं झालं. सांगणं माझ्या जिवावर आलं होतं."

"एखादी काच दाखव. चूक तरी बघू दे."

मुलाने खणातून एक काढून दिली. म्हाताऱ्याने ती दाराच्या उजेडात धरली. कड टवकली होती आणि काचेतून दाराची चौकट तिरकी दिसत होती. नवशिक्यानेही असं काम केलं नसतं.

"पंधरा वर्षांचा होतो तेव्हा माझ्याकडून अशीच झाली होती," मुलगा म्हणाला. "गिऱ्हाइकांदेखत थोबाडीत दिली होतीत तुम्ही. आठवतं?"

म्हाताऱ्याला आठवेना.

पुढच्या आठवड्यात काचा कापायचं यंत्र आलं. ते आत न्यायला एक माणूस कमी पडत होता.

"बाबा, तिकडून धरा जरा," मुलगा म्हणाला. "आणि एवढ्यापुरते तरी हात थरथरू देऊ नका."

म्हाताऱ्याने धरलं. त्याचा काचा घासायचा बाक मुलाने सकाळीच भंगारात दिला होता. त्या जागेत यंत्र बरोबर मावलं.