एका माणसाची सीट

चाक फिरत होतं आणि त्याचा वाकडेपणा बघायला शेजारी रोवलेल्या तारेचं टोक प्रत्येक फेरीत रिमला एकाच जागी, व्हॉल्व्हच्या जरा पुढे, हलकेच घासत होतं. बाकी सगळीकडे रिम आणि तार यांच्यात बारीक फट दिसे. तेवढ्या जागी ती नाहीशी होई. तिने चाक थांबवलं, पट्टी लावली आणि खडूने खूण केली.

"दोन मिलिमीटर," ती म्हणाली. "मागच्या रविवारी अर्धाच होता."

"नवे स्पोक आहेत. बसतात हळूहळू." बाबा उपड्या डब्यावर बसून स्पोकची चावी फडक्याने पुसत होते. चावी आधीच स्वच्छ होती.

"बसतील तर सगळेच बसतील ना? एकाच बाजूचे कसे सैल झाले?"

"मास्तरीणबाई, लोखंडाने तुमचं पुस्तक वाचलेलं नाही."

ती शाळेत विज्ञान शिकवायला लागली, त्याला वीस वर्षं होत आली होती, आणि घरात तिला तेव्हापासून हेच नाव पडलं होतं. तिने हसून चावी घेतली. खरं तर ते दोन मिलिमीटर पाहून तिला वाईट वाटलंच नव्हतं. चाक वाकडं, म्हणजे कदाचित आणखी एक रविवार.

गाडी बाबांची, जुनी मोटरसायकल. कागदाच्या कारखान्यात ते फिटर होते, आणि एकतीस वर्षं याच गाडीवर गेले-आले. मागच्या सीटवर दर आठवड्याला आई बसायची, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर बाजाराच्या पिशव्या, आणि रस्ताभर सूचना. आता तीच गाडी शेडमधल्या लाकडी घोड्यावर, जमिनीपासून हातभर उंच उभी होती आणि ओळखू येत नव्हती. मातीच्या गोल मैदानावर शर्यतीत पळतात त्या गाड्यांच्या घाटाची, पण रस्त्यावर चालवायची. तिला स्ट्रीट ट्रॅकर म्हणतात, हे त्यांनी आईला अनेकदा समजावून सांगितलं होतं. रुंद हँडल, दोन्ही चाकं एकाच मापाची, मडगार्ड नावापुरते, आणि वेल्डरकडून कापून आखूड केलेल्या शेपटीवर एक सपाट, छोटीशी सीट.

"आणि मी कुठे बसू?" आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बघू," बाबा म्हणाले होते. त्यानंतर तिने जेवढ्या वेळा विचारलं, तेवढ्या वेळा "बघू" हेच उत्तर मिळालं.

ही कल्पना मुलीची होती, आणि तिचं खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी बाबा कोपऱ्यावर थांबायच्या रेषेच्या पुरते पुढे जाऊन थांबले होते. समोरचा टेम्पोवाला सावध होता म्हणून निभावलं. आईने ही गोष्ट हसत हसत सांगितली. मुलगी हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेतली लांब पट्टी घेऊन आली. वर्गात प्रयोग दाखवायचा आहे, जरा सराव करू या, म्हणाली. ती पट्टी वरून सोडणार, बाबांनी ती बोटांच्या चिमटीत पकडायची; जितका उशीर, तितका आकडा मोठा. तिच्या वर्गातली मुलं सतरा-अठरा सेंटिमीटरवर पकडत. बाबांनी एकदा एकोणतीसवर पकडली. पुढच्या दोन्ही वेळा पट्टी फरशीवर पडली.

"गुळगुळीत आहे फार," ते म्हणाले होते.

पट्टी खरबरीत लाकडाची होती.

एवढं मोजून झाल्यावर सांगणं सोपं असायला हवं होतं. पण "बाबा, आता गाडी चालवू नका" हे वाक्य तिच्या तोंडून निघेना. त्याऐवजी ती म्हणाली, "बाबा, आपण हिची ट्रॅकर करू या का?" गाडी जोवर सुटी आहे तोवर कुणी कुठे जात नाही, इतका साधा हिशोब. बाबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि मग पाने शोधायला उठले. ते इतक्या लवकर कबूल होतील असं तिला वाटलं नव्हतं.

गंमत अशी की नंतर तिला त्या कामाची गोडीच लागली. मग रविवारची सकाळ म्हणजे शेड, रॉकेलचा वास, बाबांचं गुणगुणणं, आणि "धर, धर, सोडू नको" असल्या आरोळ्या. गाडीबद्दल बोलता बोलता दोघं आणखी किती तरी बोलत.

आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अजून चाकच?"

"नवे स्पोक बसतायत," बाबा म्हणाले.

"बसतायत कसले! बसता तुम्ही. रोज जेवण झालं की चाक मांडीवर घेऊन बसता आणि चावीने काय काय पिळत असता. इतकी ऊठबस माझी केली असती ना, तर सोनं झालं असतं माझं."

"पितळ तरी झालंच असतं," बाबा म्हणाले.

"बघ गं, बघ. काय बोलतोय हा माणूस." आईने कप ठेवले आणि हसू लपवत आत गेली.

मुलगी बाबांकडे बघत राहिली. बाबांनी कपात बघितलं आणि चहावर फुंकर घातली. चहा फारसा गरम नव्हता.

 तिला विचारायला तोंड कुठे होतं? गेल्या हिवाळ्यात चाकाच्या आसावरचा स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी छोटी नळी, करून घ्यायचा होता. माप पंचवीस मिलिमीटर आलं होतं, आणि तिने लेथवाल्याला चिठ्ठीत बावीस लिहून दिलं. जाणूनबुजून. जन्मात तिने खोटं लिहिलेलं तेवढं एकच माप. त्याचे तीन रविवार मिळाले. "मास्तरीणबाई चुकल्या! तारीख लिहून ठेवा रे कुणी तरी," म्हणून बाबांनी शेजारपाजारी दवंडी पिटली होती, आणि ती मान खाली घालून हसली होती.

बाबांनी कप खाली ठेवला.

"चल. आज करूनच टाकू."

त्यांनी तिच्या हातून चावी घेतली. उजवीकडचे पाव फेरा आवळ, डावीकडचे तितकेच सोड, फिरव, बघ. ज्या बोटांतून पट्टी निसटली होती ती बोटं या कामात जराही अडखळत नव्हती. त्यांना घाई नव्हती एवढंच. अर्ध्या तासात तार कुठेच घासेनाशी झाली. तिने पट्टी लावली. पाव मिलिमीटरसुद्धा नव्हता.

चाक चढवलं. साखळी लावली, ब्रेक जुळवला. आता करायचं काही शिल्लक राहिलं नाही.  गाडी घोड्यावरून उतरली की बाबा किल्ली मागणार. मग ते वाक्य तिला बोलावंच लागणार होतं; आठवडाभर आरशासमोर उभं राहूनही ते तिला नीट जमलं नव्हतं.

फळीवरून सावकाश सोडत दोघांनी गाडी खाली घेतली. चौदा महिन्यांनी तिची चाकं जमिनीला लागली.

"बस जरा. सरळ धर," बाबा म्हणाले. "मी मागचा नट शेवटचा आवळतो."

तिने पाय टाकला आणि बसली. तिचे दोन्ही तळवे टाचांसकट जमिनीवर टेकले.

ती तशीच राहिली. कॉलेजात असताना याच गाडीवर ती गिअर टाकायला शिकली होती, तेव्हा पायांची जेमतेम बोटं टेकायची. चाकं तर आता आधीपेक्षा मोठी होती. तिने हात पुढे केले. हँडल बरोबर मुठीत आलं, कोपरं जराशी वाकलेली. आलेखाच्या कागदावर काढलेला आराखडा तिला पाठ होता. सीटची उंची एक्याऐंशी सेंटिमीटर, बाबांच्या लांब पायांसाठी. तिने खिशातला टेप काढला आणि बसल्या बसल्याच खाली सोडला.

पंच्याहत्तर.

"बाबा, वेल्डरने सीट सहा सेंटिमीटर खाली बसवलीय."

"हं." ते नट आवळत होते.

"यात तुमचे गुडघे कानाला लागतील."

"लागतील की."

"हँडलपण मागे घेतलंय. वेल्डरला माप कोणी बदलून दिलं?"

"बदललं कुठे? त्याला पहिल्या दिवशी दिलं ते हेच." बाबांनी पाना खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश उभे राहिले. "आराखडा तुझा तुझ्यापाशी. तू इतकी मन लावून काढत होतीस, म्हटलं कशाला मोडता घाला."

  चौदा महिने ती एक वाक्य गिळत होती आणि समोरचा माणूस त्याचं उत्तर वेल्डरकडे पोचतं करून मोकळा झाला होता.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुला काय सांगायचं? तुला ठाऊकच होतं. पट्टी घेऊन आलीस तेव्हाच." ते मिस्किल हसले. मग त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं, आणि ते हसू जरा ओसरलं. "तुझा प्रश्न नव्हता गं. तुझ्या आईला सांगायचं राहिलं होतं. एकतीस वर्षं बसलीय मागे."

त्यांनी हात पुसले. पुन्हा पुसले. फडकं खिळ्याला अडकवून ते दाराकडे चालू लागले. आत आई धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. एक टोक हनुवटीखाली धरलेलं. मुलगी गाडीवरून उतरली नाही. दोन्ही पाय जमिनीवर रोवून तिने बाबांची पाठ उंबऱ्याशी थांबलेली पाहिली.

"आण, इकडे दे एक बाजू," बाबा म्हणाले, आणि चादरीची दोन टोकं त्यांनी हातात घेतली. दोघांनी मिळून ती ताणली, एकदा झटकली.

"काय झालं? लागली का गाडी मार्गी?"

"लागली. मास्तरीण चालवेल." ते घडी घालत आईच्या जवळ गेले आणि त्यांनी आपली टोकं तिच्या हातात दिली. "मी चालवायची सोडली गं. कधीचीच."