टेप आकसत नसते

मी तिच्या गळ्यातून उतरले ती थेट दवाखान्याच्या पिशवीत. सोबत तिचा चष्मा होता. ती पिशवी तिच्या नवऱ्याच्या हातात देत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयविकाराचा झटका मोठा होता. आम्ही वाचवू शकलो नाही. त्यांना मधुमेह किती वर्षं होता?"

"मधुमेह? हिला?" त्याने पाकिटातून तपासणीचं कार्ड काढलं. "अहो, हे बघा ना. बीएमआय साडेबावीस. हिरव्या रकान्यात आहे. जास्त तर माझा आहे, एकोणतीस!"

तो कार्ड पुन्हा पुन्हा पुढे करत राहिला. शेवटी मुलीने त्याचा हात धरून खाली घेतला.

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. पिवळी, कापडी, साठ इंचांची. वीस वर्षं मी एका शिंपीणबाईंच्या गळ्यात होते. किती खांदे मोजले, किती गणवेश, याला गणती नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाईंचं माप म्हणजे माप!" ते ऐकून मला फार बरं वाटायचं. दरवर्षी ती मला लाकडी पट्टीशेजारी ताणून ठेवायची आणि मुलीला शिकवायची, "जुनी टेप सैल पडते, लांब होते. आकसत कधीच नाही."

नवरा सामान हलवायच्या कामावर. कपाटं पाठीवर घेऊन जिने चढायचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने घरच्यांसकट सगळ्यांची तपासणी केली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं आणि कार्डं वाटली. तो लाल रकान्यात गेला, ती हिरव्या. रक्त फक्त लालवाल्यांचं घेतलं. त्याचं रक्त अगदी ठणठणीत निघालं. तरी घरी त्याचं नाव पडलंच.

"ओ एकोणतीस, उठा! चालायला जायचंय."

"तू पण चल की, साडेबावीस."

"मला काय धाड भरलीय? मी हिरव्यात आहे."

ती दिवसभर मशीनवर बसून असायची. वजनकाटा तोच आकडा दाखवायचा, पण हात काटकुळे होत गेले आणि पोट सुटत गेलं. जगाची मापं घेणारी ही बाई स्वतःचं माप मात्र घेत नव्हती. कंबर घट्ट झाली की शिवणीत जादा सोडलेली माया उसवून कपडा सैल करायची. अलीकडे तहानही फार लागायची. मशीनशेजारचा तांब्या दुपारपर्यंत रिकामा व्हायचा.

एक दिवस उसवायला मायाच उरली नाही. तिने मला कमरेभोवती घेतलं. छत्तीस! पूर्वी तीस होती. ती हसली.

"अहो, टेप आकसली वाटतं!"

"टाकून दे," तो आतून म्हणाला. "नवी आणू."

दोघंही हसले. मी मात्र हादरले. मी आकसत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या वर्षी तिने मला पट्टीशेजारी ठेवलंच नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवून सांगितलं, "कार्ड खोटं नाही, अपुरं आहे. त्या आकड्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. तुमचं वजन खांद्यांत आहे. त्यांची चरबी पोटात साठत गेली, वजन होतं तेवढंच राहिलं. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली की रक्त तपासून घ्यायचं."

घरी आल्यावर त्याने मला लाकडी पट्टीशेजारी ताणलं. मी अर्ध्या इंचाहून जास्त लांब झाले होते. म्हणजे तिची कंबर छत्तीसच्याही पुढे गेली होती. तो खुर्चीत बसला तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही.

मित्रांनो, रक्तातली साखर मलाही दिसत नाही. पण मी कार्डापेक्षा वेगळं काही सांगितलं तर मला हसू नका. एका हिरव्या रकान्यावर आपलं माणूस सोडू नका.

मुलगी आईच्याच बांध्याची आहे. कार्डावर तिचा आकडा एकवीस आहे. बाप रोज म्हणतो, "पोरी, रक्त तपासून ये." ती म्हणते, "बाबा, मी तर बारीक आहे." काल त्याने मला तिच्यापुढे धरलं. तिने मला घडी घालून मशीनवर ठेवलं. तिची कंबर अजून मोजलेली नाही. रक्तही तपासलेलं नाही.