लॉन्सवरची हुमणी

कोंडाजीनं उभा जन्म कांद्याच्या वावरातली हरळी उपटण्यात घालवला, आणि साठी उलटल्यावर त्याच हरळीचं बी पेरून तिला पाणी पाजायची नोकरी धरली. विंचूरच्या रस्त्याला महेशचं लग्नाचं लॉन्स आहे, तिथं तो माळी. गवतातलं आपल्याला कुणी शिकवू नये, असा त्याचा तोरा. तो तोराच नडला.

नवरात्रात हिरवळीवर पिवळे चट्टे पडले. तुळशीचं लग्न झालं की पहिलं वऱ्हाड येणार, आणि मैदान चाई लागलेल्या डोक्यासारखं. महेश तावातावानं आला. बी फेका, युरिया मारा म्हणाला, आणि पाणी देणाऱ्या कुसाबाईवर घसरला. हिनंच पाणी चुकवलं, उद्यापासून येऊ नको म्हणाला. तिचं एकटीचं घर त्याच कामावर चालायचं. तरी ती पदर पिळत गप्प उभी राहिली.

कोंडाजीनं चट्ट्यातलं गवत मुठीत धरून ओढलं, तर सतरंजी गुंडाळावी तसं सगळं वर आलं. खाली मूळ म्हणून नाही. मातीत पांढऱ्या, वाकड्या, करंगळीएवढ्या अळ्या, हुमणी. मिरगाच्या आधी शेजारच्या गोठ्यातलं शेणखत त्यानंच टाकलं होतं, ते नीट कुजलंय का हेही न बघता; कच्च्या शेणखतातूनच ही अळी येते. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"शेठ, आता बी टाकलं तर त्याची मुळंबी ही खाणार. आधी खणून येचू, औषध पाजू, मंग बी. युरियाचं नंतर बघू."

"पण ही आली कुठून, तात्या?"

कोंडाजीनं कुसाबाईकडं पाहिलं.

"कच्चं खत मी टाकलं. पाण्याचा काय दोष नाय. काढायचं तर मला काढा."

पहिल्या लग्नाच्या आत हिरवं झालं नाही तर दोघांनीही यायचं नाही, असं बजावून महेश गाडीत बसला.

दोघं खुरपं घेऊन चट्ट्यावर बसली. बादलीत हुमणी पडू लागली. माझ्यापायी तुला बोलणी बसली, असं कोंडाजी कसंबसं पुटपुटला.

"खताच्या पाट्या मीच वाहिल्या ना, दादा," कुसाबाई मान वर न करता म्हणाली. "तवाच त्यात अळ्या दिसल्या व्हत्या. बोलले आसते तर तुमी आयकलं आसतं का?"

कोंडाजीचं खुरपं थांबलं.

"नसतं," तो म्हणाला, आणि पुढच्या चट्ट्याकडं सरकला.